वाहनाचा मुलूख कोणता?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळया भरून निघालेली मालमोटार परभणी, नांदेड मागे टाकून तेलंगणात शिरते, तेथून आंध्रात उतरते आणि माल टाकून परत येते. तिच्या पाटीवरील ‘एमएच २१’ ही अक्षरे वाटेत कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. २०१० पासून राष्ट्रीय परवान्यासाठी वर्षाकाठी एकच एकत्रित रक्कम भरावयाची असते. ती राज्याराज्यांत कशी वाटून घ्यावयाची, हे सरकारे आपसांत पाहतात. मालक किंवा चालक यांना त्या हिशेबाशी कर्तव्य नसते. मात्र त्याच कारखान्यातील एखादा अभियंता नोकरी बदलून हैदराबादेस राहावयास गेला आणि आपली लहानशी मोटार सोबत घेऊन गेला, की तेथे वर्ष पुरे होताच त्याच्यामागे दोन राज्यांच्या परिवहन खात्यांचा ससेमिरा लागतो. लोखंडाला जी सवलत मिळाली, ती माणसाला मिळू नये, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

कायदा काय सांगतो, हे आधी पाहिले पाहिजे. कारण या विषयात ऐकीव माहितीचा सुळसुळाट फार आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन साऱ्या भारतात नोंदलेले समजले जाते. त्याच्या पुढचेच ४७ वे कलम म्हणते की, असे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर मालकाने तेथील नवा क्रमांक मागून घेतला पाहिजे. एका कलमाने दिलेले दुसऱ्याने काढून घेतले असे नव्हे. पण त्यावर मुदतीचे कुंपण घातले. नव्या क्रमांकाच्या अर्जासोबत मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते देण्यापूर्वी वाहन चोरीचे नाही असा पोलिसांचा लेखी अहवाल घ्यावा लागतो आणि सरकारचे येणे बाकी नाही याची खातरजमा करावी लागते. कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी बँकेची संमती वेगळी. चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र हे सारे त्यानंतर आलेच.

या अटी मुळात मूर्खपणाच्या होत्या असे कोणी म्हणू नये. १९३९ चा जुना कायदा झाला त्या काळी एका कचेरीतील नोंदवही दुसऱ्या कचेरीस दिसत नसे. मुंबईत चोरलेली गाडी नागपुरात नवा क्रमांक लावून विकावयाची, हा धंदा रोखावयाचा तर मूळ कचेरीची चिठ्ठी मागण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. नव्या कायद्याने तर मालकाची थोडी बाजूही घेतली. अर्ज केल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने नकार कळविला नाही, तर प्रमाणपत्र दिले असे मानावे, असे ४८ वे कलम स्पष्ट सांगते. किती अर्जदारांना ही तरतूद ठाऊक असते आणि तिच्या आधारे परराज्यातील खिडकीपाशी उभे राहण्याचे धैर्य कितीजणांना होते, हा प्रश्न अलाहिदा. कारण मानीव परवानगी हाती धरून दाखविता येत नाही, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला कागद पाहिजे असतो.

परंतु आज या नोंदवह्या संगणकावर एकत्र आल्या आहेत. ‘वाहन’ नावाच्या राष्ट्रीय संचात देशातील बहुतेक सर्व राज्यांच्या नोंदी आहेत. जालन्यात नोंदलेल्या गाडीचा मालक, तिचे कर्ज, तिचा विमा हे हैदराबादेतील अधिकाऱ्यास बसल्या जागी दिसू शकते. मग चिठ्ठी कशासाठी? चिठ्ठीचे खरे कारण आता चोरी हे राहिलेले नाही. ते कर हे आहे. क्रमांकाचा प्रश्न हा वस्तुतः तिजोरीचा प्रश्न होय.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात वाहनांवरील कर राज्यसूचीत, ५७ व्या नोंदीत आहे. राज्ये हा कर पूर्वी दर तिमाहीस वा दर वर्षास घेत. पुढे वसुलीचा व्याप वाचविण्यासाठी खाजगी वाहनांवर एकरकमी कर घेण्याची पद्धत रूढ झाली. गाडी विकत घेतानाच तिच्या साऱ्या आयुष्याचा कर सरकारजमा होतो. महाराष्ट्रात दहा लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर हा दर ११ टक्के आहे. म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार रुपये. सरकारला ही पद्धत सोयीची झाली आणि गावात स्थिर राहणाऱ्या मालकालाही. जो हलतो, त्याची मात्र यात कोंडी झाली. चार वर्षांनी तो राज्य सोडतो तेव्हा उरलेल्या वर्षांचा कर त्याने आगाऊ भरलेला असतो. नव्या राज्यात त्याला पुन्हा, वाहनाच्या वयानुसार घटविलेला का होईना, त्या राज्याच्या दराने कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडून परतावा मिळण्याची तरतूद कायद्यांत आहे; पण तिचा क्रम उलटा आहे. आधी नव्या ठिकाणी पैसे भरा, नवा क्रमांक घ्या, त्याचा पुरावा जुन्या कचेरीत नेऊन द्या आणि मग वाट पाहा. प्रत्येक राज्याचा परताव्याचा तक्ता निराळा. दोन सरकारांमधील देण्याघेण्याचा भार असा नोकरदाराच्या खिशावर टाकला जातो. शिवाय निरोप्याचे कामही त्यालाच करावे लागते.

जालना जिल्ह्याला या प्रश्नाची झळ दोन्ही बाजूंनी लागते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी स्थापन केल्यापासून बियाण्यांच्या व्यवसायाने या गावाला देशाच्या नकाशावर आणले. आणि या व्यवसायाचे दुसरे मोठे केंद्र हैदराबाद हे आहे. बियाणे क्षेत्रातील माणसांची या दोन शहरांतील ये-जा त्यामुळे ओघानेच आली. दुसरीकडे पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांवर आणि रोलिंग मिलमध्ये बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राबतात. त्यांच्यापैकी ज्याने गावाकडे मोटारसायकल घेतली आणि ती इकडे आणली, त्याची अवस्था अभियंत्याहूनही अवघड. ना हरकत प्रमाणपत्रासाठी गावी एक फेरी, परताव्यासाठी दुसरी. दोन्ही वेळचे रेल्वेभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडला तर परतावा सोडून देणेच त्याला परवडते. आणि नवा क्रमांक न घेता गाडी चालविली, तर चौकातला शिपाई आहेच. ऊसतोडीसाठी हंगामापुरते कर्नाटकात जाणाऱ्यांना खरे तर या कलमाची भीती नाही, कारण त्यांचा मुक्काम बारा महिन्यांचा नसतो. पण बारा महिने झाले नाहीत, हे रस्त्यावर सिद्ध कसे करावयाचे?

राज्याच्या सीमेविषयी जालन्याच्या माणसाला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि त्या अमदानीतील करोडगिरीच्या नाक्यांची आठवण जुन्या घराण्यांतून अद्याप सांगितली जाते. जालन्याहून शेजारच्या देऊळगाव राजाला जाणारा मनुष्य १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातून निघून मध्य प्रदेशात पोहोचत असे. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरला दोन्ही गावे द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आली. एकाही माणसाने घर हलविले नाही. राज्येच त्यांच्या अंगावरून सरकत गेली. हेच दृश्य २०१४ मध्ये पलीकडे दिसले. तेलंगण वेगळे झाले आणि नव्या वाहनांना ‘टीएस’ ही अक्षरे मिळाली. २०२४ मध्ये ती बदलून ‘टीजी’ झाली. हैदराबादच्या एकाच गल्लीत तीन निरनिराळ्या अक्षरांच्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांतील कोणतीही परक्या मुलखातली नसते. सीमा ही सोयीची रेघ आहे. आज जालन्याची गाडी चारशे किलोमीटर दूर मुंबईस कायमची नेली तर तीस दिवसांत पत्ता कळविला की भागते, क्रमांक तोच राहतो. परंतु धर्माबादचा मनुष्य काही किलोमीटरांवरील बासरला राहावयास गेला तर मुदतीनंतर त्याला सगळे सोपस्कार करावे लागतात. अंतराशी किंवा रस्त्यांच्या वापराशी या भेदाचा काडीमात्र संबंध नाही.

केंद्र सरकारला ही अडचण कळली नाही असे नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ अर्थात भारत मालिका सुरू झाली. या मालिकेतील क्रमांकाला राज्य नाही. कर दोन दोन वर्षांचा भरावयाचा आणि राज्य बदलले की पुढचा कर नव्या राज्यात भरावयाचा. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १०, त्यावर १२, डिझेलला दोन टक्के अधिक आणि विजेच्या गाडीला दोन टक्के कमी, असे दरही देशभर एक ठरले. जो जेथे राहतो तेथे राहील तेवढ्या काळाचा कर देतो, हे या योजनेतील तत्त्व निर्दोष आहे. दोष आहे तो पात्रतेत. सैन्यातील माणसे, केंद्र व राज्य सरकारांचे आणि त्यांच्या उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर, एवढ्यांनाच तिचा लाभ. मोठ्या बियाणे कंपनीतील व्यवस्थापक तीत बसतो. त्याच कंपनीचा माल विकणारा अडत्या बसत नाही. बँकेचा अधिकारी बसतो. मिलमधला फिटर, खाजगी शाळेतील शिक्षक, मुलाकडे राहावयास गेलेले वृद्ध जोडपे यांपैकी कोणीही बसत नाही. ज्यांच्या स्थलांतराची काळजी वाहणारी संस्था पाठीशी आहे त्यांना सवलत, आणि जे स्वतःच्या पायांवर पोटामागे जातात त्यांना जुनाच खाक्या, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

राज्यांचीही एक बाजू आहे आणि ती उडवून लावता येत नाही. दर निरनिराळे असले की धनिक लोक स्वस्त राज्य शोधतात. महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या तात्पुरत्या पत्त्यावर नोंदवून केरळात फिरविण्याची प्रकरणे २०१७ मध्ये गाजली, ती याच कारणाने. रस्ते एकाने बांधावयाचे आणि कर दुसऱ्याने खावयाचा, हे कोणत्या अर्थमंत्र्यास रुचेल? पण या रोगावर कर्नाटकाने काढलेला उपाय रोगाहून जालीम होता. २०१४ मध्ये त्या राज्याने कायदा बदलून परराज्यातील वाहन तीस दिवसांहून अधिक काळ वापरल्यास आयुष्यभराचा कर मागावयास सुरुवात केली. केंद्रीय कायदा बारा महिन्यांची मुभा देत असताना राज्याने ती एका महिन्यावर आणावी, हे बेंगळुरूत नोकरीनिमित्त गेलेल्या हजारो मराठी तरुणांना भोगावे लागले. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरविली. श्रीमंताची चलाखी पकडण्यासाठी पसरलेल्या जाळ्यात दुचाकीवरचा नोकरदार अडकावा, हे आपल्याकडील बहुतेक करवसुलीचे दुखणे आहे.

याहून सरळ मार्ग उपलब्ध आहे. जर्मनी हेही संघराज्यच. तेथे वाहनकर घटक राज्यांकडून २००९ मध्ये संघ सरकारकडे गेला आणि २०१५ पासून देशात कोठेही घर बदलले तरी जुनाच क्रमांक ठेवण्याची सोय झाली. आपल्याकडे कराचा अधिकार राज्यांकडून काढून घेण्याची गरज नाही, आणि तसे कोणी सुचवूही नये. वस्तू व सेवा करानंतर राज्यांच्या हाती स्वतःची साधने उरली आहेत ती थोडी. परंतु समवर्ती सूचीतील ३५ वी नोंद वाहनकराची तत्त्वे ठरविण्याचा अधिकार संसदेला देते. कर वापराच्या काळापुरता असावा, हे एकच तत्त्व संसदेने घालून दिले आणि ‘बीएच’चे दार सर्वांना उघडले, तर ना हरकत प्रमाणपत्रांचा बराचसा व्याप आपोआप गळून पडेल. एकरकमी उत्पन्न हातचे जाईल म्हणून राज्ये कुरकुर करतील. पण ते उत्पन्न पुढच्या वर्षांचे आहे, आज उचललेले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

संसदेला सवड होईपर्यंत दोन शेजाऱ्यांनी एवढे तरी करावे. वाहन जेथे नव्याने नोंदले जाते, तेथेच परताव्याचा अर्ज घ्यावा. जुन्या राज्याकडे शिल्लक असलेली रक्कम नव्या करातून वळती करावी आणि वर्षअखेरीस दोन्ही तिजोऱ्यांनी आपसांत हिशेब पुरा करावा. अशा करारांची आपल्याला सवय नाही असेही नव्हे. परराज्यात जाणाऱ्या एसटीच्या गाड्या आंतरराज्य करारांखालीच तर धावतात. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यामध्ये माणसांचा ओघ जुना, रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा, आणि वाहनांच्या नोंदी दोन्हीकडच्या संगणकात. मुंबई आणि हैदराबाद येथील परिवहन आयुक्तांनी एकत्र बसून मसुदा करावा, दोन्ही सरकारांनी त्यावर सही करावी, एवढेच काम उरते.