गणिताच्या गुरुजींची पार्लमेंटवारी

आमची नात वसईच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकते. गेल्या पंधरवड्यांत एके सायंकाळीं ती आम्हांस म्हणाली, “आजोबा, दादाभाई नवरोजींचें नांव आम्ही परीक्षेपुरतें पाठ करतों, पण पार्लमेंटांत तीन वर्षें बसून त्यांनीं मिळविलें काय?” प्रश्नांत उर्मटपणा नव्हता, तरी चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या आम्हांस तो बोचला. कारण दादाभाईहि मूळचे गणिताचेच शिक्षक.

त्यांचा जन्म १८२५ सालीं मुंबईंत झाला. चार वर्षांचे असतांना वडील वारले; आई माणेकबाईंनीं त्यांस वाढविलें. एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५५ त व्यापारानिमित्त विलायतेस गेले. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. सरकारी अहवाल हेंच त्यांचें पाठ्यपुस्तक. त्या अहवालांतील आंकडे घेऊन त्यांनीं साधा भागाकार केला. हिंदी मनुष्याचें वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये निघालें; केवळ जीव जगविण्यास ३४ रुपये लागत. तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार २० रुपयांहून अधिक खर्च करतें, हेंहि त्यांनीं सरकारच्याच अहवालांवरून दाखविलें. १८७६ त हा हिशेब त्यांनीं मुंबईंत वाचला. १९०१ त तो ग्रंथरूपानें लंडनांत प्रसिद्ध झाला.

पार्लमेंटची वाट सुगम नव्हती. १८८६ च्या निवडणुकींत ते पडले. काळ्या मनुष्यास इंग्रज मतदार निवडून देतील हें संभवत नाहीं, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनीं १८८८ त काढले. चार वर्षांनीं, १८९२ त, सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनीं दादाभाईंस अवघ्या ५ मतांनीं निवडून दिलें. सनदी नोकरीची परीक्षा हिंदुस्थानांतहि घ्यावी, असा ठराव १८९३ त कॉमन्स सभेंत संमत झाला. पण सरकारनें तो अंमलांत आणला नाहीं. येथें ती परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडलें. १८९५ त दादाभाई पुन्हा पडले. एवढाच जमाखर्च पाहिला, तर नातीचें म्हणणें खोटें नव्हे.

परंतु गणितांत हातचा धरावा लागतो. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर दादाभाई सभासद होते. त्याच कमिशनपुढें १८९७ त गोपाळ कृष्ण गोखले यांनीं साक्ष दिली. तेहि गणिताचे शिक्षक; त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून चालत असे. १९०२ त वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं दाखवून दिलें, कीं तिजोरींतील शिल्लक ही भरभराटीची खूण नसून प्रजेवरील अवाजवी करांची खूण आहे. पुढच्याच वर्षीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोनांवर आला. सर्व श्रेय एकट्या गोखल्यांचें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वसईच्या खाडीकांठची मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस त्या अर्ध्या रुपयाची किंमत निराळी सांगावयास नको.

दादाभाईंनीं आणखी एक इशारा देऊन ठेविला होता. सरासरी २० असली, तरी गरिबाच्या हातीं तेवढेहि पडत नाहींत. कारण वरचे लोक आपला वांटा आधीं उचलतात. आमच्या वालीवला आज शेतांच्या जागीं कारखान्यांच्या शेडी आहेत. तेथील मालाची बेरीज मोठी असेल. पण एका खोलींत पाळीपाळीनें निजणारा कामगार त्या बेरजेंत दिसत नाहीं.

हें आम्ही मोठ्या उत्साहानें सांगत होतों. आमच्या घरीं अकरा माणसें. दर महिनाअखेर माणशीं खर्च काढून आम्ही वहींत लिहितों व समाधान मानतों. नातीनें ती वही उघडली आणि शांतपणें विचारलें, “आजोबा, आई सर्वांच्या मागून उरेल तें जेवते, तें यांत कोठें लिहिलें आहे?”

आम्ही निरुत्तर झालों. दुसऱ्या दिवशीं पहिल्या पंक्तींत सूनबाईंचें पान मांडावें, असें आम्हीं सुचविलें. सूनबाई संकोचल्या; घरांतून प्रथम थोडी कुरकुरहि झाली; पण पान मांडलें गेलें. महिनाअखेर वही पाहिली, तों माणशीं खर्चांत एका पैचाहि फरक पडला नव्हता.