आधी आडोसा, मग कोरफड

वैशाख लागला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. थंडीत टाचांच्या भेगांवर काय लावावं असं विचारणारे वाचक आता पोळलेल्या हातांबद्दल, चुरचुरणाऱ्या मानेबद्दल, नाकाच्या शेंड्यावरून निघणाऱ्या सालीबद्दल विचारू लागतात. बहुतेक पत्रांचा मथितार्थ एकच असतो. केमिकल नको, काहीतरी नैसर्गिक सांगा. होमिओपॅथीत असेल तर उत्तमच, निदान अपाय तरी होत नाही. हा ‘अपाय होत नाही’ मला पटत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी एक गोंधळ निस्तरायला हवा. उन्हाने कातडी पोळते ती उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी. उष्णता कळते, हे किरण कळत नाहीत. म्हणून अंगावर गार वारा असताना माणूस जास्त बेसावध भाजतो. मे महिन्यात हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींना विचारा. अंगात जर्किन, कानाला टोपी, हात थंडीने गारठलेले, आणि परतीच्या गाडीत चेहऱ्याचे पापुद्रे निघत असतात. दर हजार मीटर चढलं की हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत अंगावर फेकतो. त्यामुळे तिथे हनुवटीच्या खालची बाजू भाजते, नाकपुड्यांच्या कडा भाजतात. टोपी डोक्यावर होती, पण ऊन पायाखालून आलं.

कैरीचं पन्हं, कोकम सरबत, सब्जा, खिशातला कांदा हे सगळं उन्हाच्या दुसऱ्या त्रासावरचं आहे. ऊन लागून माणूस कोसळतो तो शरीराचं तापमान आवाक्याबाहेर गेल्यामुळे. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात चौदा जीव गेले ते त्याने. त्यात पन्ह्यातलं पाणी आणि मीठ कामाला येतं. (कांद्याबद्दल मी काही बोलत नाही, भाकरीबरोबर तो उत्तम लागतो.) पण पन्हं पिऊन कातडी पोळायची थांबत नाही. टोमॅटोने थोडा फरक पडतो असं जर्मनीतल्या संशोधकांना 2001 साली दिसलं होतं. पण त्यासाठी रोज चाळीस ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलातून दहा आठवडे खायची, तेव्हा कुठे लाली काहीशी कमी. गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी कोशिंबीर खाऊन भागणार नाही.

‘आपली सावळी कातडी, आपल्याला कुठं जळतंय’ हेही नेहमीचं. रंगद्रव्याचं संरक्षण आपल्याला गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, ते खरंच. आपण टोमॅटोसारखे लाल होत नाही. आपली कातडी तांबूसकाळी पडते, हात लावला की आग होते, शर्टाची कॉलर घासली तरी नको वाटतं आणि आठवड्याने साल निघून खाली वेगळ्याच रंगाचा पट्टा उरतो. गालावरचा वांग उन्हाळ्यात गडद होतो तो याच किरणांनी. अंगावर कोडाचे डाग असतील तर तिथे रंगद्रव्यच नसतं, म्हणून ती जागा सर्वांत आधी पोळते. एसटीच्या चालकाचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला असतो, तो वर्षानुवर्षं खिडकीशी राहिल्यामुळे.

मग नैसर्गिक उपाय कोणता? सावली. हा विनोद नाही. आपल्या सावलीची लांबी आपल्या उंचीपेक्षा कमी असेल तेव्हा ऊन पोळणारं असतं, याहून सोपं यंत्र नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मुंबईत तो महिन्याच्या मध्यावर. त्या दिवशी भर माध्यान्ही खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच विरते आणि वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. फोटो बघणाऱ्यांनी एवढंही लक्षात घ्यावं की त्या सुमारास अतिनील निर्देशांक अकराच्या वर असतो, म्हणजे मोजपट्टीच्या अगदी वरच्या खान्यात. ही माध्यान्ह मुंबईत घड्याळाच्या साडेबाराच्या पुढे पडते, नागपुरात बाराच्या थोडी नंतर. पश्चिमेकडच्या लोकांनी ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ असं समजू नये.

सावलीनंतर कापड. पुण्या-नागपुरात स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून निघतात, त्याची टिंगल बरीच झाली. त्वचेच्या दृष्टीने शहरात त्यांच्याइतका शहाणा पोशाख दुसऱ्या कुणाचा नाही. कापडात मात्र एक मेख आहे. आपण उन्हाळ्यात पातळ पांढरं सुती घालतो. ते गार वाटतं, पण साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टातून सुमारे सातवा हिस्सा किरण आरपार जातात आणि तोच घामाने भिजला की तिसरा हिस्सा. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, कोरडं कापड कितीतरी जास्त अडवतं. साधी परीक्षा आहे. कापड दिव्यासमोर धरा. पलीकडचं दिसत असेल तर सूर्यालाही अलीकडचं दिसतंय.

हे सगळं आपल्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक आहे. सांगोला, आटपाडी भागात उन्हाळ्यात डाळिंबाच्या बागा साड्यांनी झाकलेल्या दिसतात. जुन्या साड्या विकत आणून, तारेला बांधून ओळीच्या ओळी पांघरलेल्या असतात; लाल, मोरपंखी, जरीकाठाच्यासुद्धा. फळावर उन्हाचा चट्टा पडला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून हा खटाटोप. काही जण फळांवर पांढऱ्या मातीची, केओलिनची, फवारणी करतात. नाशिककडे द्राक्षाच्या घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. फळ भाजल्यावर त्यावर काय चोळावं हे कुणी विचारत नाही, कारण भाजलेलं फळ परत नितळ होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच बागेत भर दुपारी छाटणी करणाऱ्या बाईच्या मानेवर मात्र नुसता विरलेला पदर असतो.

आता अंगाला लावायच्या गोष्टी. खोबरेल तेलाला एसपीएफ आठ असतो, असं मोबाइलवर फिरतं. त्याचा उगम खरा आहे. रायपूरच्या दोन संशोधकांनी 2010 साली वेगवेगळ्या तेलांची मोजणी केली आणि खोबरेल, ऑलिव्ह यांचे आकडे सात-आठच्या घरात आले. पण ती मोजणी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर झाली, माणसाच्या घामेजलेल्या पाठीवर नव्हे. आणि आकडा तंतोतंत धरला तरी समुद्रावरच्या दुपारीला आठ पुरत नाही. खोबरेल रात्री लावावं, त्यासाठी ते झकास आहे.

लिंबाबद्दल मात्र कडक बोलायला हवं. ‘टॅन’ घालवायला लिंबू चोळून उन्हात बसा, असं सांगणारे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. आपल्या कागदी लिंबात अशी द्रव्यं असतात की रस कातडीवर असताना ऊन पडलं की तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि मग महिनोन् महिने काळे ओघळ राहतात. सहलीला सरबत पिळणाऱ्याच्या मनगटावर हे ओघळ उठतात आणि घरी आल्यावर कुठून आले ते कळत नाही. बावचीत या द्रव्यांचे जातभाई आणखी जोरात असतात. कोडावर बावची लावून उन्हात बसवायची जुनी पद्धत आहे. ती तज्ज्ञाच्या नजरेखाली ठीक, पण दुकानातून तेल आणून मनाने केलं की डागाऐवजी जखम हाती येते. नैसर्गिक आणि निरुपद्रवी यांची सोयरीक आपण परस्पर जुळवून टाकली आहे. निसर्गाने तिला कधी होकार दिलेला नाही.

‘केमिकल नको’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट हमखास आहे. जस्ताचं ऑक्साइड. क्रिकेटपटूंच्या नाकाओठांवर दिसणारा पांढरा पट्टा तो हाच. हे खनिज कातडीच्या वर बसून किरण अडवतं. थोडं पांढरं दिसतं, हीच त्याची खोड. कुठलंही सनस्क्रीन घ्या, एसपीएफ तीस पुरे; चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांबलचक रेघा भरतील इतकं लावा आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा लावा. आपण लावतो ते बहुधा वाटाण्याएवढं असतं आणि मग नळी कुचकामी ठरते.

एवढं करूनही पोळलं तर? लाली लगेच दिसत नाही, तीन-चार तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत कळसाला पोचते. म्हणून संध्याकाळी ‘थोडंसंच आहे’ वाटलं तरी रात्र कठीण जाते. पहिलं औषध गार पाणी. बर्फ नको, तो वेगळं भाजतो. ओला पंचा पंधरा-वीस मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा ठेवा. टूथपेस्ट तर चुकूनही नको.

मग कोरफड. ताज्या पानाचं टोक कापून पान उभं ठेवावं म्हणजे पिवळा चीक गळून जातो; तो झोंबतो आणि काहींना त्याने पुरळ येतं. आतला गर जवळजवळ सगळा पाणीच असतो, म्हणून गार वाटतो आणि ओलावा धरतो. भाजलेली कातडी त्याने भराभर बरी होते याचे पुरावे उन्हाच्या बाबतीत तरी डळमळीत आहेत, पण आराम पडतो यात वाद नाही. बाजारातली हिरवीगार जेल त्यापुढे दुय्यम. हिरवा रंग पानाचा नव्हे, बाटलीचा. दही, काकडी, चंदनाचा लेप यांचं कामही गारव्याचंच. कॅलामाइन लोशन तर जस्ताच्याच घराण्यातलं, त्याचा गुलाबी रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी ताणायला लागली की आयुर्वेदातलं शतधौत घृत मला सगळ्यात आवडतं. तांब्याच्या पसरट भांड्यात साजूक तूप घ्यायचं, त्यात गार पाणी घालून तळहाताने गोल गोल घोटायचं, पाणी गढूळलं की ओतून द्यायचं आणि पुन्हा नवं. शंभर वेळा. निम्म्यावर आलं की पिवळा रंग उडतो, तुपाचा वास जातो आणि हाताखाली लोण्याहून हलकं, पांढरंशुभ्र मलम तयार होतं. बोटावर घेतलं तर चिकटत नाही, विरघळतं. पहिल्या दिवशी मात्र तूप-तेल नको, आतली धग अडकून राहते. फुटलेल्या फोडांवरही नको.

आता गोड गोळ्या. भाजण्यासाठी होमिओपॅथीत कॅन्थॅरिस देतात. अंगावर फोड आणणाऱ्या एका भुंगेऱ्यापासून ते बनतं. आपल्याकडे तुरीच्या, भेंडीच्या फुलांवर बसणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा त्याच कुळातला. जे फोड आणतं तेच अतिसूक्ष्म करून द्यायचं, हे त्यामागचं सूत्र. थर्टी पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा, म्हणजे एकावर साठ शून्यं. बाराव्या फेरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता मावळते. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’मध्ये, जे दुखणं आणतं तेच औषध या तर्काने, भाजलेला हात विस्तवाजवळ धरणाऱ्या स्वयंपाक्याचा दाखला दिला आहे. तो कृपया कुणी करून पाहू नये. सूर्यप्रकाशात धरलेल्या दुधसाखरेपासून केलेलं ‘सोल’ नावाचं औषधही या शास्त्राच्या ग्रंथांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक संशोधन परिषदेने 2015 साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात मिळत नाही. उन्हाने पोळण्याच्या बाबतीत त्या देशाइतका अनुभव क्वचितच कुणाला असेल.

कॅलेंडुलाचं मलम यापेक्षा वेगळं, कारण त्यात वनस्पतीचा अर्क खरोखर असतो. ते सौम्य आहे, खुशाल लावा. पण ते आपल्या झेंडूचं नव्हे. झेंडू निराळी वनस्पती आहे आणि तिच्या तेलाने कातडी उन्हाला उलट जास्त हळवी होते. दसऱ्याची फुलं वाटून कुणी लेप करू नये.

तरीही ‘मला गोळ्यांनी गुण आला’ अशी पत्रं येतात आणि ती खोटी नसतात. साधं पोळलेलं चार-सहा दिवसांत आपोआप बरं होतं. त्या दिवसांत जे घेतलं त्याला श्रेय जातं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गोळी चघळून रात्र सुसह्य गेली तर माझी हरकत नाही. माझं भांडण आहे ते गोळी घेऊन दुपारी बाराला समुद्रावर जाणाऱ्याशी. अमेरिकेत तर पिण्याचं सनस्क्रीन म्हणून विशेष ‘लहरी’ भरलेलं पाणी विकलं जात होतं. आयोवा राज्याने 2018 साली विक्रेत्यांना कोर्टात खेचलं. पाण्याने अपाय झाला नसेल, पण त्याच्या भरवशावर उघड्या पाठीने झोपलेल्याला झाला. ‘अपाय होत नाही’ हे न पटण्याचं कारण हे.

मोठे फोड, ताप, उलट्या, चक्कर, किंवा वर्षाच्या आतलं मूल पोळलेलं असेल तर घरगुती काही न करता डॉक्टर गाठावा. आणि थोड्याशा उन्हानेही नेहमीपेक्षा जास्त पोळलं, तर औषधांचा डबा उघडून पाहा. लेप्टोसाठी पावसाळ्यात देतात ते डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, मुरमांवरची काही क्रीमं यांनी कातडी उन्हाला हळवी होते. औषध मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी चिठ्ठी घेताना डॉक्टरांना एवढंच विचारा : हे घेऊन उन्हात गेलं तर चालेल का?