गोदेच्या मुखाशीं

डोंगरकड्याच्या ओसरीवर बसून समुद्राची काळजी कशास वाहावी, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या शिवारांतील पावसाचें पाणी अखेर गोदावरीसच मिळतें. आणि ती समुद्रास भेटते तेथें, काकीनाड्यानजीक, कोरिंगाचें खारफुटीचें अरण्य आहे. नदीचें गोडें पाणी व गाळ यांवर तें पोसतें. त्याच्या मुळांच्या आश्रयानें कोळंबी व मासळी वाढते, तिच्यावर मच्छीमारांच्या चुली पेटतात. वादळाची लाटहि प्रथम तेंच अंगावर घेतें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं महाराष्ट्रांतील खारफुटीची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. पण वरच्या धरणांत गाळ अडला, तर कुऱ्हाडीवांचूनहि असें वन खचतें. वाचकहो, नदीच्या पाण्याचा हिशेब मांडतांना मुखाशीं राहणाऱ्यांचाहि वांटा धरावा, एवढेंच मागणें.