पहिल्या पंगतीचं आमंत्रण

नवी मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं - "लवकर या, अजून गर्दी नाही." गेम बनवणाऱ्या पोरांना हे वाक्य फार आवडतं. आमच्याच घरात इंजिनिअरिंगला असलेली दोन भाचरं आहेत, त्यांनाही आवडतं. मला मात्र ते ऐकलं की चीड येते. गर्दी नाही म्हणजे गिऱ्हाईकही नाही, हे कुणी सांगतच नाही!

उदाहरण घ्या विंडोज फोन 7चं. फेब्रुवारी 2010मध्ये बार्सिलोनात मायक्रोसॉफ्टने घोषणा केली, वर्षअखेरीस फोन बाजारात आले. गेम लिहायचे ते सी शार्प भाषेत, एक्सएनए वापरून. खरं सांगायचं तर एक्सएनए होतंही झकास. अपडेटमध्ये खेळाचे नियम, ड्रॉमध्ये चित्रं, की एका संध्याकाळी पडद्यावर चेंडू उड्या मारायला लागायचा. साधनं फुकट, नोंदणी वर्षाला 99 डॉलर, विक्रीतला 70 टक्के वाटा तुमचा. आणखी काय पाहिजे?

पण मंडळी, चेंडूने उड्या मारल्या म्हणजे गेम होत नाही. वापरणारा मध्येच गेममधून बाहेर गेला की तुमचा गेम मरू शकायचा, म्हणून क्षणाक्षणाची अवस्था जपून ठेवायची. मागे जायचं बटण ठरल्याप्रमाणेच चाललं पाहिजे. वापरणारा स्वतःची गाणी ऐकत असेल तर त्याला न विचारता ती बंद करायची नाहीत. स्वतःचे शेडर लिहायची परवानगी नाही, तयार पाच इफेक्ट्सवर भागवा. यातले काही नियम गिऱ्हाइकाच्या भल्याचेच होते, नाही म्हणत नाही. पण ही मेहनत खेळासाठी नव्हती, त्या एका फोनसाठी होती. फोन गेला की तीही गेली. आणि एक्सबॉक्स लाइव्हचा मान, ते अचीव्हमेंट्स वगैरे? ते निवडक प्रकाशकांना. म्हणजे पहिल्या पंगतीतही चांदीचं ताट ठरावीक पाहुण्यांनाच, बाकीच्यांना पत्रावळ.

पुढे 2012मध्ये विंडोज फोन 8 आला. आतला गाभाच बदलला. जुन्या फोनना तो मिळणार नाही असं जाहीर झालं, त्यात काही महिन्यांपूर्वीच विकलेले फोनही आले. जुने एक्सएनए गेम नव्या फोनवर चालायचे हे खरं, पण नव्या सोयी हव्या असतील तर सी प्लस प्लस आणि डायरेक्टथ्रीडी शिकून या! 2013च्या सुरुवातीला कळलं की एक्सएनएवर आता पुढे काम होणार नाही. 16 डिसेंबर 2019ला विंडोज फोन 8.1चं दुकानच बंद झालं. यजमानाने मांडव काढला. कंपनीच्या ताळेबंदात ती एक रक्कम झाली. एकट्याने गेम लिहिणाऱ्याच्या आयुष्यातली मात्र दोन-तीन वर्षं गेली.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो, "आयफोनवर लवकर गेलेल्यांचं बघा की." बघू या ना! ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008मध्ये सुमारे 500 ॲप्स घेऊन उघडलं. पण आयफोन त्याच्या एक वर्ष आधीपासून विकला जात होता, सुमारे 60 लाख फोन लोकांच्या हातात होते. म्हणजे जेवणारे आधी जमले होते, स्वयंपाक मागाहून आला. विंडोज फोनवर नेमकं उलटं. लोक येतील म्हणून आधी स्वयंपाक करायला सांगितला. लवकर जाण्यात फायदा असतो तो पहिल्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणी फायदा फक्त बोलावणाऱ्याचा, कारण त्याला दुकानात किती ॲप्स आहेत तो आकडा दाखवायचा असतो.

मग नव्याला हात लावायचाच नाही का? तसं मी अजिबात म्हणत नाही. एक्सएनए बंद पडलं तरी ते ज्ञान मेलं नाही. मोनोगेम या मुक्तस्रोत प्रकल्पाने तीच पद्धत पुढे चालू ठेवली. 2016मध्ये आलेला स्टार्ड्यू व्हॅली हा गेम एकट्या एरिक बॅरोनने सी शार्पमध्ये, एक्सएनएवर बनवला आणि पुढे तो मोनोगेमवर नेला. तो आला संगणकावर, जिथे खेळणारे आधीच होते. फोन बुडाला, विद्या तरली.

म्हणून भाचरांनो, खेळाचे नियम एकीकडे लिहा आणि फोनशी बोलणारा भाग दुसरीकडे, पातळ ठेवा. गोडो किंवा युनिटीसारखं इंजिन घ्या, म्हणजे तोच गेम चार ठिकाणी नेता येतो. नव्या सिस्टीमवर महिनाभर खेळा, शिका, पण तिच्या भरवशावर नोकरी सोडू नका. आणि कुणी "लवकर या" म्हणालं तर दोन प्रश्न बेधडक विचारा. आजचा गेम किती वर्षं चालेल हे लेखी देता का? आणि गिऱ्हाईक येईपर्यंतच्या माझ्या कामाचे पैसे कोण देणार? खरोखर गरज असलेली कंपनी आगाऊ पैसे देईल. जी नुसता उत्साह देते, तिला तुमच्या गेमची नाही, आकड्याची गरज आहे.

असो. नव्यावर उडी मारणं हाच तरुणपणाचा धर्म, असं मानणारे आपल्यात बरेच आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरूर भांडावं. फक्त भांडताना आधी सांगा, तेव्हा तुमचं घर कोण चालवत होतं?