सोडत आणि वाटणी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यानंतर महिनाभरातच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, लॉटरीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. एका जुगाराला कुलूप आणि दुसऱ्या जुगारावर अधिक कर, असा हा व्यवहार आहे. व्यसन आणि महसूल यांच्या चर्चेत एक मूलभूत प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. नशिबाने हाती येणारा पैसा मुळात कोणाच्या खिशातून येतो, आणि त्यावर माणसाचा अधिकार कोणता? ख्रिस्ती विचारपरंपरेने या प्रश्नाचा दीर्घकाळ विचार केलेला आहे. बीडसारख्या जिल्ह्यात काम करणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्याने, तो कोणत्याही धर्माचा असो वा नसो, तो विचार समजून घेणे अगत्याचे आहे.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर बालाघाटचे डोंगर मागे टाकून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वीच नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती दवाखान्यात, लग्नात, घराच्या भिंतींत केव्हाच खर्ची पडलेली असते. हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची, आणि न फिटल्यास बाकी पुढल्या हंगामाच्या डोक्यावर चढवावयाची. ज्याच्या कष्टाचा हिशोब वर्षानुवर्षे जुळतच नाही, त्याला एका आकड्याने सारा हिशोब मिटेल असे वाटले तर नवल ते काय? त्याच्या हातातील तिकीट हे हावेपेक्षा हताशेचेच चिन्ह अधिक असते. म्हणून अशा माणसाला काटकसरीचे प्रवचन देणे सोपे असले तरी निरर्थक आहे.

प्रवचनापेक्षा गणित सांगणे बरे. दहा लाख तिकिटांच्या सोडतीत पहिले बक्षीस एकाला लागते. दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याने दहा लाख तिकिटे घ्यावयाची म्हटली तर सुमारे १९,२३० वर्षे लागतील. बक्षीस लागलेच तर त्यावर ३० टक्के आयकर आहे. विक्रेता, वितरक आणि सरकार यांचे वाटे तर सोडतीपूर्वीच निघालेले असतात. लॉटरी नवी संपत्ती निर्माण करीत नाही. पुष्कळांच्या फाटक्या खिशांतून थोडे थोडे काढून ती एकाच्या झोळीत टाकते आणि मधल्या वाटेवर आपला हिस्सा ठेवून घेते. समाजवादाला अभिप्रेत असलेल्या पुनर्वाटपाचे हे उलटे रूप होय.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मटक्याच्या नादापासून लोकांना परावृत्त करावे आणि तिजोरीतही भर पडावी, असे तिचे समर्थन करण्यात आले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने त्या काळी मुंबईतील गिरणगावाला घेरले होते, हे खरेच. परंतु चोरून चालणाऱ्या जुगाराला सरकारी शिक्क्याचा जुगार हा उतारा कसा ठरावा? अल्पबचत आणि राज्य लॉटरी हे दोन्ही विषय शासनाने एकाच कार्यालयाकडे सोपविले, यातील विसंगतीही कोणाला खटकली नाही. गरिबाने पैसा गाठीला बांधावा असे सांगणारे आणि तोच पैसा सोडतीत लावावा असे सुचविणारे खाते एकच!

हा दोष केवळ भांडवलदारी पक्षांच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. देशातील पहिली सरकारी लॉटरी १९६७ मध्ये केरळात निघाली ती ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या सप्तपक्षीय सरकारच्या काळात, आणि तिचे प्रवर्तक अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे होते. २६ जानेवारी १९६८ च्या पहिल्या सोडतीत तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे होते. लोकांवर कर न लादता लोककल्याणासाठी पैसा उभा करणे हा हेतू चांगलाच होता. पण श्रीमंतांवर कर बसविण्याचे धैर्य अपुरे पडले की गरिबांच्या आशेवर कर बसतो, एवढा धडा चळवळीने त्यातून घ्यावयास हवा होता. तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. त्यामुळे ती राज्ये काही बुडाली नाहीत.

आता ख्रिस्ती विचाराकडे वळू. बायबलमध्ये चिठ्ठी टाकणे सरसकट निषिद्ध नाही. तेथे चिठ्ठीचे तीन प्रसंग विशेष लक्षणीय आहेत. गणना आणि यहोशवा या ग्रंथांत इस्राएलाच्या वंशांना जमीन वाटून देताना चिठ्ठ्या टाकल्या आहेत. मोठ्या वंशाला मोठा वाटा, लहानाला लहान. कोणता भाग कोणाला एवढेच चिठ्ठीने ठरावयाचे. प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीने होते, आणि त्या निवडीने लाभते ती सेवेची जबाबदारी. तिसरा प्रसंग वधस्तंभाखालचा. नागव्या करून खिळलेल्या माणसाच्या अंगरख्यावर शिपाई चिठ्ठ्या टाकतात. पहिल्या चिठ्ठीने प्रत्येकाला वाटा मिळतो, दुसरीने काम मिळते, तिसरीने लुटीचा धनी ठरतो. लॉटरी कोणत्या जातीची, हे वेगळे सांगावयास नको.

बीडमधील वस्त्यांत हा भेद बायकांना न शिकविता कळतो. भिशीतही चिठ्ठीच निघते. परंतु दहा जणींच्या भिशीत दहाही जणींना पूर्ण रक्कम मिळते. चिठ्ठीने ठरते ती फक्त पाळी. कोणाच्या नुकसानीवर कोणाचा फायदा उभा राहत नाही.

जुगाराविषयी सर्व ख्रिस्ती पंथांचे मत एकच आहे असे मात्र नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार नशिबाचे खेळ स्वभावतः अन्याय्य नाहीत. स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते नीतिबाह्य ठरतात. मेथॉडिस्ट परंपरेची भूमिका अधिक कठोर आहे. तिचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अठराव्या शतकात धनाच्या विनियोगावर दिलेल्या प्रवचनात कमवा, वाचवा आणि द्या अशी त्रिसूत्री मांडली. परंतु कमाई शेजाऱ्याच्या हानीतून होता कामा नये, ही त्याची अट होती. चर्चच्या जत्रेतही कधी सोडत निघते आणि सत्कार्याचे नाव पुढे केले जाते. सत्कार्यासाठी पैसा हवा असेल तर तो उघडपणे मागावा. लोभाचे आमिष कशाला? मंदिराच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला येशूने थोर मानले, कारण तिने दिले आणि बदल्यात काही मागितले नाही.

या साऱ्याच्या मुळाशी असलेली कल्पना अशी की माणूस धनाचा मालक नसून कारभारी आहे. यरुशलेमेतील आद्य ख्रिस्ती मंडळीने आपल्याजवळचे विकून एकत्र केले आणि ज्याला जशी गरज तसे वाटले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. त्या मंडळीत पुष्कळांचे एकत्र येऊन गरजवंताकडे जात होते. लॉटरीत पुष्कळ गरजवंतांचे एकत्र येऊन एका नशीबवानाकडे जाते. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित वस्त्यांतून आलेला असल्याने हा फरक त्याला अनुभवाने ठाऊक असावा. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते असे म्हटले आहे. ऊसतोड मजुराला त्याचा अर्थ समजावून देण्यास कोणा धर्मोपदेशकाची गरज नाही.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या वाटाघाटींतून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती कोणा एकाला लागली नाही, प्रत्येक कोयत्याला मिळाली. ही वाढ पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही. उचलीचा फास अजून सुटलेला नाही. परंतु नशीब पालटण्याचा रस्ता कोणता, हे तिने दाखविले. कार्यकर्त्यांनी लॉटरीच्या टपरीवर मोर्चा नेण्यापेक्षा मुकादमाच्या वहीपाशी जावे. प्रत्येक मजुराच्या हाती उचलीचा आणि तोडलेल्या टनांचा लेखी हिशोब पडेल, आजारपणासाठी आणि लग्नासाठी त्याला रास्त व्याजाने कर्ज मिळेल, यासाठी गावोगाव लढावे. आणि त्या लढ्यात देवळातला, मशिदीतला, विहारातला आणि चर्चमधला मजूर एकत्र बसेल अशी बैठक आधी घालावी.