३५ अंशांची अट

विदर्भातला उन्हाळा पंचांग पाहून येत नाही. तो कूलरबरोबर येतो. होळीच्या आगेमागे एखाद्या रविवारी घराघरातले कूलर अंगणात निघतात. टाकीच्या तळाला साचलेला क्षार खरवडला जातो, जुन्या ताट्या फेकून नव्या बसवल्या जातात, पंपाची जाळी साफ होते, पंख्याला तेलाचे दोन थेंब मिळतात. हे काम कुणी कुणाला शिकवत नाही. वडील करताना मुलगा पाहतो आणि पुढे तोही करू लागतो. कूलर बिघडल्यावर नव्हे, बिघडण्याच्या आधी उघडायचा असतो, एवढे शहाणपण आमच्याकडे हवेतच आहे.

पण त्याच घरात पंखा असलेले आणखी एक यंत्र असते. कूलरच्या पाच-दहा पट किमतीचे. त्यावर मुलांचे शिक्षण चालते, कुणाची नोकरी चालते, घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रे त्यातच असतात. त्याचा पंखा आयुष्यात एकदाही पुसला जात नाही. त्याला पंखा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत मी नाही, माझ्या मुलीने मोजली.

गोष्ट मे २०२१ मधली, अकोल्याची. महाविद्यालये बंद, परीक्षा घरून. दुपारी दोनचा पेपर, बाहेर ४४ अंश. आजीला झोप लागावी म्हणून बैठकीतला कूलर तिच्या खोलीत हलवलेला. मुलगी आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली होती आणि लॅपटॉप समोर कापसाच्या गादीवर. चाळीस मिनिटे झाली आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पाच मिनिटांत पुन्हा काळा. तिसऱ्यांदा सुरू होईपर्यंत वेळ संपली होती. अर्धाच पेपर नोंदला गेला.

ती रडत बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, तो आपोआप बंद पडला हो.” त्यावर मी जे बोललो ते आज लिहिताना लाज वाटते. “रात्रभर सिनेमे बघितले की दुसरं काय होणार? आपोआप काही होत नसतं!” ती गप्प झाली. विषय सुटला, पण त्यातले कमी गुण तिच्या गुणपत्रिकेवर कायमचे बसले.

निर्बंध सैल झाल्यावर जूनमध्ये आम्ही आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गेलो. त्यांनी यंत्र ठेवून घेतले आणि चार दिवसांनी कळवले, की ‘मदरबोर्ड’ बदलावा लागेल. खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळजवळ निम्मा. यंत्र उघडून काय पाहिले, असे विचारले तर उत्तर मिळाले नाही. मग कुणीतरी बाजारातल्या एका छोट्या गाळ्याचा पत्ता दिला. तिथला कारागीर पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने यंत्र उलटे केले, दहा-बारा स्क्रू काढले, तळाचे झाकण उचलले आणि मला जवळ बोलावले. “काका, हे बघा.” पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पात्यांच्या जाळीवर, राखाडी रंगाचा एक जाड थर बसला होता. त्याने तो चिमट्याने सबंध उचलला. कापसाचा नमदाच जणू! आमच्याच गादीचा कापूस आणि आमच्याच गल्लीतली धूळ. “याला आजार काही नाही काका. याचं नाक बंद आहे.”

पाऊण तास आणि काही शे रुपये. तो लॅपटॉप पुढे तीन वर्षे चालला.

घरी येऊन मी मुलीला काय म्हणालो? काहीच नाही. बापांना माफी मागायची सवय नसते. तो नमदा मात्र मी कागदात गुंडाळून आणला होता, तो तिच्या टेबलावर ठेवला. तिने बघितला आणि एवढेच म्हणाली, “मी सांगत होते ना.”

तेव्हापासून या यंत्राच्या उष्णतेमागे लागलो. जे समजले ते मुळीच अवघड नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ६५ वॅटचा आकडा असतो. पूर्वी आपल्या घरात ६० वॅटचा पिवळा बल्ब असे. तो लागल्यावर त्याला हात लावायची कुणाची छाती होती? लॅपटॉप जी वीज घेतो तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते, आणि यंत्र जोरात चालू असताना तिच्यातला मोठा वाटा ‘प्रोसेसर’ नावाच्या नखाएवढ्या तुकड्यात निर्माण होतो. ती बाहेर काढण्यासाठी त्या तुकड्यावर लेपाचा पातळ थर असतो, त्यावर तांब्याची चपटी नळी, नळीच्या टोकाला पात्यांची जाळी आणि जाळीमागे पंखा. ही नळी म्हणजे मोठी गमतीची वस्तू आहे. आतली हवा काढून टाकून तिच्यात द्रवाचे, बहुधा पाण्याचेच, थोडे थेंब बंद केलेले असतात. गरम टोकाला त्यांची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ती घडवली, आणि पुढे अंतराळयानांतही ती वापरली गेली. पण पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते, हे आपल्या माठाला आणि कूलरला आधीपासूनच ठाऊक आहे!

म्हणजे लॅपटॉपच्या पोटात एक छोटा कूलरच बसवलेला आहे. तळाच्या फटींतून तो हवा आत घेतो आणि कडेने किंवा मागून बाहेर टाकतो. तळाला जे रबरी पाय असतात ते शोभेचे नव्हेत. त्यांनी उचलून धरलेल्या दोन-चार मिलिमीटरांतून यंत्र श्वास घेते. गादीवर ठेवले की पाय आत रुततात आणि फटी बंद होतात. मग यंत्र आधी आपला वेग कमी करते, म्हणजे आपण म्हणतो ‘हँग होतोय’. तेवढ्याने भागले नाही आणि तापमान १०० अंशांच्या आसपास गेले, की ते स्वतःला बंद करते. ते बंद पडणे हा बिघाड नसतो. जळून जाण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्याचा शहाणपणा असतो. माझी मुलगी खरेच सांगत होती. तो आपोआप बंद पडला होता.

आता मथळ्यातल्या अटीविषयी. लॅपटॉपबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती आपण वाचत नाही. अनेक पुस्तिकांत एक ओळ असते : हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे. ३५! अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या खोलीतही ३५ अंश हा भाग्याचा दिवस. हिशेब साधा आहे. उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते, आणि दोघांत अंतर जितके जास्त तितकी ती लवकर जाते. आतला तुकडा ९५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर अंतर ७० चे. खोली ४२ वर गेली की अंतर ५३ चे. म्हणजे पंखा तोच, वेग तोच, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद सुमारे पावपट कमी. त्यात धूळ आणि त्यात गादी! ज्या खोलीसाठी हे यंत्र बनवले ती खोली आमची नव्हेच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट फुकटची आहे. लॅपटॉप गादी, उशी, दुलई यांवर ठेवू नये. नावातच मांडी असली तरी मांडीवरही तासन्‌तास नको. बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर रोज बरेच तास लॅपटॉप ठेवल्याने त्वचेवर जाळीदार डाग उठल्याची हकीकत २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. टेबल नसेल तर पाट चालतो, पोळपाटही चालतो. मागची बाजू दोन वह्यांनी बोटभर उचलली तरी फरक पडतो. तळाच्या फटी तेवढ्या मोकळ्या ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट वर्षातून एकदाची. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, फटींवर आणि जाळीवर मऊ कोरडा ब्रश फिरवावा. हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवायची असेल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे. तो भन्नाट फिरला तर खराब होऊ शकतो. स्वतः उघडायची हिंमत नसेल तर जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावे. तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरचा लेपही वाळलेला असू शकतो. तो पुसून नवा लावायला सांगावे. तिसरी गोष्ट सवयीची. एकाच वेळी तीस-तीस पाने उघडी ठेवू नयेत, आणि वीज गेली, पंखा व कूलर थांबला, की जड कामे थांबवावीत. महत्त्वाची परीक्षा दुपारी असेल तर कूलर परीक्षेच्या खोलीत हवा. मात्र त्याच्या ओल्या झोतापुढे यंत्र ठेवू नये. पाण्याचे तुषार आत गेले तर आगीतून फुफाट्यात!

अतिशहाणपणाचे उपायही पाहिले आहेत. आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी तापलेला लॅपटॉप दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसे पाणी सुटते तसे त्या यंत्राला आतून सुटले. ते पुन्हा सुरू झाले नाही.

आणि एक गोष्ट गमतीची नाही. ती बॅटरीची. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते आणि कधीकधी फुगते. बोट फिरवायची पट्टी वर आलेली दिसली, झाकण नीट मिटेनासे झाले, तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर ते यंत्र बंद करावे, चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू तर नयेच. ती बॅटरी पेट घेऊ शकते. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने आगीच्या भीतीने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. तो कारखान्यातला दोष होता हे खरे, पण अशी बॅटरी काय करू शकते ते जगाने तेव्हा पाहिले. आपण तीच वस्तू रात्रभर चार्जिंगला लावून उशाशी, गादीवर ठेवून झोपतो.

इथपर्यंत आपली जबाबदारी झाली. पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणे मला मान्य नाही. पातळपणाची आणि शांततेची हौस आधी विकणाऱ्यांनी लावली. ॲपलचा ‘ॲपल थ्री’ संगणक १९८० मध्ये आला तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज नको होता. तो संगणक पंख्याशिवाय निघाला, तापण्यासह नाना तक्रारींनी बदनाम झाला, आणि पहिली सुमारे चौदा हजार यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. पंचेचाळीस वर्षांनंतरही दुकानात आपल्याला यंत्राची जाडी सांगतात, वजन सांगतात, पडद्याचे रंग सांगतात. तळ किती स्क्रूंनी उघडतो, पंखा वेगळा मिळतो का, ४२ अंशांच्या खोलीत हे किती वेळ चालेल, हे कुणी सांगत नाही. आणि आपणही विचारत नाही.

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण लिहिणे सक्तीचे झाले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. दिशा बरोबर आहे. पण हक्क कागदावर आला तरी तो दुकानाच्या काउंटरवर मागावा लागतो. माझे मागणे फार नाही. गुणांच्या त्या पट्टीशेजारी आणखी एक आकडा ठळक छापा : हे यंत्र किती अंशांपर्यंतच्या हवेसाठी आहे. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या बापाला तो आकडा पैसे देण्याआधी दिसला पाहिजे, पेपर बुडाल्यावर पुस्तिकेत सापडून उपयोग नाही.

तोवर आमच्या घरापुरता मी एक नियम केला आहे. ज्या रविवारी कूलर अंगणात निघतो त्याच रविवारी लॅपटॉपही टेबलावर उलटा होतो. मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. ती होळीला आली की कूलर माझ्याकडे आणि स्क्रू-पेचकस तिच्याकडे. यंदा जाळीवर धुळीची नुसती एक रेघ निघाली. तिने ती बोटावर घेतली, मला दाखवली आणि फुंकर मारून उडवली. त्या दुपारबद्दल आम्ही अजूनही बोललेलो नाही. पण तिने काही बंद पडल्याचे सांगितले, की मी आता आधी विचारतो, “काय झालं गं?” आणि उत्तर ऐकून घेतो.