घर दिले, पोटाचे काय?

‘डॉक्टर, घर मिळाले तरी ती माणसे आगीवर का राहतात?’ झरियाची बातमी वाचून एका पेशंटने विचारले.

झारखंडमधील झरियाच्या कोळसाखाणींत पहिली आग १९१६ मध्ये नोंदली गेली. आजही आगी धुमसत आहेत. भेगांतून हवा आत जाते, धूर घरात येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. बंद खोलीत झोपलेला माणूस उठतही नाही. जमीन खचण्याची भीती वेगळीच.

इथे गोळ्या देऊन भागत नाही. जागा बदलणे हाच उपचार. २००९ च्या आराखड्यानुसार बेलगडियाला वसाहत झाली. पण कोळसा वेचून, भरून ज्यांची चूल पेटते, त्यांनी कामापासून दूर जाऊन खायचे काय? अर्धपोटी माणसाला क्षयरोग लवकर गाठतो, मग हवा कितीही स्वच्छ असो.

जून २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित आराखड्यात एक लाख रुपये उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. हे योग्यच झाले. मात्र काम, दवाखाना आणि शाळा माणसांच्या आधी तिथे पोहोचल्या पाहिजेत. औषध अर्धवट घेतले की दुखणे उलटते. पुनर्वसनाचेही तसेच आहे.